गाडीतल्या फ्रीजची नळी कापण्याआधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : कॅरव्हानमधील गॅस व विजेवर चालणारे जुने फ्रीज, त्यांच्या बिघाडाची तपासणी आणि चुकीच्या दुरुस्तीतील धोका

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणल्यापासून नागपूरहून पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिरा या बाजूंना जाणाऱ्या रस्त्यांवर राहण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या अधूनमधून दिसू लागल्या आहेत. नवी गाडी घेणे सर्वांना परवडत नाही, म्हणून काही हौशी मंडळी वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाड्या विकत घेतात किंवा जुन्या गाडीतून काढलेले सामान आपल्या गाडीत बसवून घेतात. या सामानात बहुधा एक छोटा फ्रीज असतो. तो दिसायला घरच्या फ्रीजसारखाच असला, तरी त्याचे काम अगदी निराळ्या तत्त्वावर चालते. हा फरक ठाऊक नसल्यामुळे आपल्या शहरात चांगले फ्रीज भंगारात जात आहेत आणि, त्याहून गंभीर बाब म्हणजे, दुरुस्ती करणाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होत आहे. मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग आणि त्या अनुषंगाने काही माहिती वाचकांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, पण विषयच असा आहे की अर्धवट सांगण्यापेक्षा न सांगितलेले बरे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शीतकरण व वातानुकूलन या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून २९ वर्षे काम केले आहे. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या घरापासून चार घरे सोडून राहणाऱ्या, कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी अशी जुनी गाडी घेतली. तिच्यातला फ्रीज तिन्ही प्रकारे चालणारा होता : स्वयंपाकाच्या गॅसवर, २३० व्होल्ट विजेवर आणि गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर. गॅसवर लावला तर ज्योत पेटायची आणि बटण सोडताच विझायची. घरातून वायर ओढून विजेवर लावला तर मागची बाजू तापायची, पण आत थंडावा येत नसे. मात्र गाडी देवलापारपर्यंत नेऊन आणली त्या दिवशी, बॅटरीवर असताना, आतल्या पाण्याच्या बाटल्या बऱ्यापैकी गार झाल्या होत्या. या शेवटच्या गोष्टीकडे कोणीच लक्ष दिले नाही. त्यांनी बोलावलेल्या तरुण मेकॅनिकने फ्रीज बाहेर काढून अंगणात सतरंजीवर आडवा ठेवला आणि मला म्हणाला, "काकाजी, याचा गॅस गेला आहे, भरा लागते." कोणता गॅस, असे मी विचारले तेव्हा तो "एकशे चौतीस" म्हणाला, म्हणजे घरच्या कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये भरतात तो. मी पोहोचेपर्यंत त्याने मागच्या जाड काळ्या नळीवर हॅकसॉचे पाते दोन-तीन वेळा चालवले होते. नळीवरचा रंग उडून नखाएवढी चकचकीत चीर पडली होती. आणखी दहा-पंधरा वेळा पाते फिरले असते, तर काय झाले असते या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर नसतो आणि भरण्यासाठी सोडलेली नळीही नसते. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे तीन पदार्थ कारखान्यातच पोलादी नळ्यांत भरून त्या कायमच्या वेल्डिंग करून बंद केलेल्या असतात. आतला दाब साधारण २० ते २५ बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या सुमारे दहापट असतो. अशी नळी कापली की डोळे आणि फुप्फुसे जाळणारा अमोनिया तोंडावर येतो आणि त्याच्यासोबत ठिणगीची वाट पाहणारा हायड्रोजन बाहेर पडतो. त्या अंगणात चार पावलांवर वेल्डिंगचा संच तयार ठेवलेला होता. त्या मुलाला मी दोष देत नाही. आपल्याकडे 'फ्रीज थंड होत नाही' या वाक्याचे एकच उत्तर वर्षानुवर्षे दिले जाते, ते म्हणजे 'गॅस भरून घ्या', आणि आम्ही वर्गात शिकवलेलाही मुख्यतः कॉम्प्रेसरचाच फ्रीज आहे. उष्णतेवर चालणाऱ्या या फ्रीजच्या पद्धतीवर, म्हणजे शोषण पद्धतीवर, एक-दोन तास बोलून, फळ्यावर आकृती काढून आम्ही पुढे जात असू. त्यात माझाही वाटा आहे आणि तो मी मान्य करतो.

ही पद्धत नवी मुळीच नाही. उष्णतेवर बर्फ करणारे अमोनियाचे यंत्र फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे यांनी १८५९ च्या सुमारास केले होते. आपण बोलत आहोत त्या, एकही हलता भाग नसलेल्या फ्रीजची रचना मात्र स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये केली. १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स या कंपनीने ती बाजारात आणली आणि जिथे वीज नव्हती तिथे रॉकेलच्या दिव्यावर असे फ्रीज चालू लागले. मोठ्या हॉटेलांच्या खोल्यांतील छोटे, आवाज न करणारे फ्रीज पुष्कळदा याच जातीचे असतात. ज्याच्यात झिजण्यासारखे चाकही नाही, ते यंत्र तीस वर्षांनीही चालू शकते यात नवल नाही. त्याच्या तीन गरजा तेवढ्या पुरवाव्या लागतात.

त्या गरजा समजण्यासाठी आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. खालच्या बाजूला एक बॉयलर असतो आणि त्यात अमोनिया विरघळलेले पाणी असते. त्याला ज्योतीने किंवा हीटरने उष्णता दिली की अमोनियाचे बुडबुडे निघतात आणि चहा उकळताना फेस भांड्याच्या काठापर्यंत चढावा तसे एका बारीक नळीतून पाण्यालाही सोबत घेऊन वर चढतात. वर पाणी वेगळे होऊन खाली परतते आणि अमोनियाची वाफ मागच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पातळ पट्ट्या लावलेल्या नळ्यांत, बाहेरच्या हवेने गार होऊन द्रवरूप होते. हा द्रव आतल्या नळीत येतो तेव्हा तिथे हायड्रोजन असतो. एकूण दाब सगळीकडे सारखाच राहतो, पण हायड्रोजनच्या सोबतीमुळे अमोनियाच्या वाट्याचा दाब कमी होतो, त्यामुळे तो कमी तापमानालाही उडू लागतो आणि उडताना भोवतालची उष्णता खेचून घेतो. हाच आपला थंडावा. मग अमोनिया आणि हायड्रोजन यांचे जड मिश्रण खाली उतरते, पाणी अमोनियाला शोषून घेते, हलका हायड्रोजन परत वर जातो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. पंप नाही, झडप नाही. उष्णता, बाहेरची हवा आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण एवढ्यावर सारे चालते. म्हणून फ्रीज बिघडला की आधी पाहायच्या गोष्टीही तीनच : गाडी समतल आहे का, मागून हवा खेळते का, आणि बॉयलरला पुरेशी उष्णता मिळते का.

त्या मेकॅनिकला आणि माझ्या शेजाऱ्यांना मी आधी देवलापारच्या दिवसाची आठवण करून दिली. या फ्रीजमधला अमोनिया निघून गेला असता, तर तो कोणत्याही उष्णतेवर, कोणत्याही दिवशी थंड झाला नसता. बॅटरीवर, चालत्या गाडीत का होईना, तो एकदा थंड झाला म्हणजे नळ्यांच्या आतला संच शाबूत आहे आणि दोष बाहेर आहे. गॅस, वीज आणि बॅटरी हे तिन्ही एकाच बॉयलरला तापवण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत. एका मार्गावर फ्रीज चालतो आणि दुसऱ्यावर चालत नाही, तर दोष त्या दुसऱ्या मार्गात शोधावा. तिन्हींवर चालत नसेल तर समतलपणा आणि हवा पाहावी. आणि ते दोन्ही ठीक असतील तेव्हाच आतल्या संचावर संशय घ्यावा. या क्रमाने गेल्यास निम्म्याहून अधिक वेळा नळ्यांना हातही लावावा लागत नाही, असे माझे मत आहे. आम्ही फ्रीज उभा करून दिवसभर तसाच ठेवला, म्हणजे आडवा पडल्याने इकडेतिकडे झालेला द्रव आपापल्या जागी परतला, आणि दुसऱ्या दिवशी तो गाडीत परत बसवून कामाला लागलो.

आमच्या गल्लीचा उतार डोळ्यांना जाणवत नाही. गवंड्याकडून पाणसळ आणून फ्रीजच्या आतल्या तळावर ठेवली, तेव्हा तिचा बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. मग त्याच गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल पाइपने गाडीच्या दोन बाजू मोजल्या, तर १६० सेंटिमीटर रुंदीत ९ सेंटिमीटरचा फरक भरला. म्हणजे कल ३ अंशांहून थोडा जास्त होता. जुन्या फ्रीजच्या माहितीपुस्तिकांत साधारणपणे बाजूकडे ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश ही मर्यादा दिलेली असते, आणि फार जुन्या फ्रीजना तेवढाही कल चालत नाही. एक मीटर रुंदीला ५ सेंटिमीटर म्हणजे जवळपास ३ अंश, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुरे. गाडी चालत असताना ती दोन्ही बाजूंना हेलकावत असते, त्यामुळे द्रव कुठे साचून राहत नाही. धोका आहे तो तिरप्या उभ्या गाडीत तासन्‌तास फ्रीज चालू ठेवण्यात. तसे केल्यास पाणी आडव्या नळ्यांत अडून बसते, बॉयलर कोरडा तापतो आणि आत गंज लागू नये म्हणून घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे होऊन ती बारीक नळी कायमची बुजते. हा एकच बिघाड मालकाच्या हातून होतो आणि त्याला पुढे इलाज उरत नाही, म्हणून त्यावर इतके लिहिले. आम्ही दोन चाकांखाली सागाच्या फळ्या घालून गाडी सरळ केली.

दुसरा दोष हवेचा होता. फ्रीजच्या मागे गाडीच्या भिंतीला खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या असतात. खालून हवा आत येते, कंडेन्सरवरून जाताना तापते आणि वरच्या जाळीतून निघून जाते. जुन्या वाड्यांतल्या धुराड्यात चालते तेच हे तत्त्व. पूर्वीच्या मालकाने पावसाचे पाणी येते म्हणून वरच्या जाळीवर पत्रा ठोकून टाकला होता. त्यामुळे गाडी उभी असताना मागची गरम हवा तिथेच कोंडून राहत होती आणि गाडी धावत असताना वाऱ्याच्या झोताने ती काही प्रमाणात हलत होती. देवलापारच्या दिवशी फ्रीज चालल्याचे हे एक कारण. दुसरे असे, की इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांशी १४ व्होल्टच्या जवळपास दाब मिळतो आणि हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पत्रा काढून तिथे पाणी न येईल अशी तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवायला लोहाराला अर्धा दिवस लागला.

आता उष्णतेकडे येतो, कारण खरा वेळ इथे गेला. विजेच्या हीटरची तार मोकळी करून मल्टिमीटरने मोजली तेव्हा सुमारे ७०० ओहम रोध भरला. फ्रीजच्या आतल्या पट्टीवर मात्र २३० व्होल्टला १२५ वॅट असे छापले होते. २३० चा वर्ग भागिले १२५ म्हणजे सुमारे ४२३ ओहम यायला हवे; ७०० ओहमचा हीटर ७५ वॅटच देतो. कुणीतरी कधीतरी लहान फ्रीजचा हीटर मिळाला म्हणून बसवून दिला होता. तो तापत होता, हाताला चटका बसत होता, म्हणून सर्वांचे समाधान होते. पण बॉयलरला लागणाऱ्या उष्णतेपैकी चाळीस टक्के उष्णता मिळतच नव्हती. हेच गणित कमी व्होल्टेजलाही लागू पडते. एखाद्या गावात मुक्कामाला वायर जोडली आणि तिथे १९० व्होल्टच असले, तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते, आणि मालकाला वाटते फ्रीज गेला. उलट, ज्या देशांत १२० व्होल्टची वीज आहे तिथला हीटर आपल्याकडे २३० ला जोडला, तर तो साडेतीन पटींहून जास्त तापतो आणि जळतो. म्हणून आधी पट्टी वाचावी, मग वायर जोडावी. बॅटरीच्या बाबतीत एवढेच सांगतो की १२ व्होल्टवर १२० वॅटचा हीटर १० अँपिअर खातो. गाडी बंद करून रात्रभर फ्रीज बॅटरीवर ठेवला तर सकाळी इंजिन सुरू होणार नाही.

गॅसच्या बाजूचा दोष मात्र मला माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी पाहायला मिळाला नव्हता. बर्नरचे पत्र्याचे झाकण काढले तर आत, जेटच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्याच्या, तोंडाशी आणि हवेच्या भोकांवर, चिखलाचा एक वाळका गोळा चिकटलेला होता. तो दाताच्या काडीने हळूहळू फोडला तेव्हा आतल्या कप्प्यांत लहान लहान वाळलेले कोळी निघाले, एकमेकांवर दाटीने रचलेले. ते कुंभारमाशीचे घरटे होते. ही माशी कोळ्यांना डंखाने निश्चल करून पिलांसाठी साठवून ठेवते. फ्रीज पावसाळाभर बंद होता आणि तिला ती बंदिस्त, कोरडी जागा पसंत पडली असावी. हवा कमी पडल्यामुळे ज्योत निळी न राहता पिवळी आणि लोंबती जळत होती आणि वरच्या धुराड्यात काजळी धरली होती. थर्मोकपल नावाची, दोन वेगवेगळे धातू जोडून केलेली एक बारीक सळी ज्योतीत तापते आणि साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट एवढी चिमूटभर वीज निर्माण करते. त्या विजेवर गॅसची झडप उघडी धरलेली असते, म्हणजे ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो. लोंबती ज्योत त्या सळीच्या टोकाला लागतच नव्हती, म्हणून बटण सोडताच सारे विझत होते. झडप नादुरुस्त आहे असे समजून ती काठीने दाबून बांधून ठेवण्याचा सल्ला माझ्या शेजाऱ्यांना कुणीतरी दिला होता. असे कोणीही, कधीही करू नये. ती झडप जिवाच्या रक्षणासाठी आहे.

जेट साफ करताना त्यात सुई किंवा तार घालू नये, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आहे. ते भोक केसाएवढे असते आणि सुईने ते किंचितही मोठे झाले तर ज्योत कायमची बिघडते. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावा आणि मग तोंडाने किंवा हवेच्या पंपाने फुंकावा. धुराड्यात पत्र्याची पीळ दिलेली एक पट्टी तारेने टांगलेली असते. ती काढून काजळी खरवडावी, ब्रशने धुराडे साफ करावे आणि पट्टी पूर्वीच्याच उंचीवर परत टांगावी. ती फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत, कारण ती कशासाठी आहे हे कळत नाही; ती नसेल तर गरम हवा बॉयलरला न तापवताच सरळ वर निघून जाते. त्यानंतर दाब पाहावा. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस येतो. गवंड्याची तीच पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून, अर्धी पाण्याने भरून, एक टोक गॅसच्या नळीला जोडले, तर दोन बाजूंच्या पाण्यात सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक दिसायला हवा. पण जर्मनीतल्या काही जुन्या गाड्यांतील उपकरणे ५० मिलिबारसाठी बनवलेली असत. ती आपल्या रेग्युलेटरवर चालवली तर त्यांना जवळपास पाव हिस्सा गॅस कमी मिळतो आणि फ्रीज अर्धवटच थंड होतो. अशा वेळी रेग्युलेटरशी खटपट न करता योग्य मापाचा जेट जाणकाराकडून बसवून घ्यावा.

एवढे झाल्यावर आम्ही परीक्षा घेतली. आतल्या मधल्या फळीवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला आणि त्यात तापमापी ठेवली, दार बंद केले आणि संध्याकाळी सातला गॅसवर फ्रीज लावला. हवेत टांगलेल्या तापमापीवर विसंबू नये, कारण दार उघडताच तिचा आकडा बदलतो. पाण्यातली तापमापी खरे बोलते, आणि तीही आधी कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवते ना हे पाहिलेले असावे. मे २०२४ मध्ये आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि नंतर तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान खात्याने सांगितले, हे वाचकांना आठवत असेल. पहिल्या तीन तासांत काहीही झाले नाही आणि शेजारी निराश होऊन घरात गेले. या फ्रीजला धीर लागतो. चार-सहा तासांनंतर खरा थंडावा सुरू होतो, म्हणून तो प्रवासाच्या आदल्या रात्रीच लावावा आणि त्यात आधीच गार केलेल्या वस्तू ठेवाव्यात. सकाळी सहाला पेल्यातले पाणी ६ अंशांवर आले होते. शेजारच्या वहिनींनी त्यात हात घालून पाहिला आणि मग सगळ्यांनी पाळीपाळीने तेच केले. दुपारी बाहेर ४३ अंश झाल्यावर मात्र तो आकडा १२ पर्यंत चढला.

या दुपारच्या आकड्याबद्दल प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फ्रीजवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. एन वर्गाचा फ्रीज ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी वर्गाचा ३८ पर्यंत आणि टी वर्गाचा ४३ पर्यंतच्या हवेसाठी असतो. विदर्भातला मे महिना यांतल्या कोणत्याच वर्गात बसत नाही. मागची हवाच ४५ अंश असेल तर कंडेन्सरने अमोनिया गार करायचा तरी कसा? इथे मालकाने फ्रीजला मदत करावी लागते. दुपारी गाडी अशी उभी करावी की फ्रीजची बाजू पश्चिमेला येणार नाही, जमल्यास कडुनिंबाच्या दाट सावलीत. आम्ही वरच्या जाळीच्या आत १२ व्होल्टचा एक लहान पंखा हवा बाहेर फेकेल असा लावला, तेव्हा दुसऱ्या दुपारी तोच पेला ९ अंशांवर राहिला. दाराचे रबरही पाहावे. दारात कागदाची पट्टी धरून ओढली आणि ती अलगद सुटून आली, तर तिथून गारवा गळतो आहे.

काही फ्रीज मात्र खरोखरच गेलेले असतात, आणि ते ओळखताही आले पाहिजेत. मागच्या नळ्यांवर कुठे हळदीसारखा पिवळा डाग किंवा भुकटी दिसली, तर तो सोडियम क्रोमेट आहे, नळी फुटली आहे आणि आतला अमोनिया गेला आहे. ती भुकटी विषारी आहे, तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये. डोळ्यांत झणझणणारा नवसागरासारखा वास आला, तर गॅस आणि वीज बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी गाडीबाहेर पडावे. समतल जागी, मोकळ्या हवेत, योग्य हीटरवर बारा तास ठेवूनही बॉयलर कडक तापतो पण वरच्या आणि मागच्या नळ्या गारच राहतात, तर आतली वाट बुजली आहे. अशा वेळी फ्रीज काढून काही तास उलटा ठेवण्याचा जुना उपाय आहे. तो कधीकधी लागू पडतो, विशेषतः वर्षानुवर्षे न वापरलेल्या फ्रीजला. पण खडे धरलेली नळी त्याने मोकळी होत नाही, आणि अशा फ्रीजवर त्यापुढे खर्च करू नये. मागचा संपूर्ण संच बदलता येतो, तो मिळाला तर. त्याला भोक पाडून, वेल्डिंग करून, घरच्या फ्रीजचा गॅस भरून तो चालू करता येत नाही. कोणी तसे सांगत असेल तर त्याच्याकडून दुरुस्ती करून घेऊ नये.

गॅसच्या सिलिंडरविषयीही लिहिणे आवश्यक वाटते, कारण गाडी म्हणजे एक लहान बंद खोली आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि वरच्या खिडकीतून बाहेर जात नाही. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक असावे आणि फ्रीजची ज्योत जिथे जळते ती मागची जागा गाडीच्या आतल्या भागापासून पूर्णपणे बंद केलेली असावी, अन्यथा झोपलेल्या माणसांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड पोहोचू शकतो. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडीने नव्हे. रबरी नळी मानक चिन्हाची घ्यावी आणि ५ वर्षांनी बदलावी. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी फ्रीजचा गॅस बंद करावा. ती ज्योत बाहेरून दिसत नाही, म्हणून तिचा विसर पडतो. गॅस सिलिंडर आणि स्फोटक द्रव्यांच्या सुरक्षिततेचे नियमन करणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. गाडीतल्या सिलिंडरविषयी सामान्य मालकाला समजेल असे एक पानी मराठी पत्रक त्या संस्थेने काढावे, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

दुसरी विनंती औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील माझ्या सहकाऱ्यांना आहे. शोषण पद्धतीचा धडा फळ्यावरच्या आकृतीवर न थांबवता मुलांच्या हातात पाणसळ, मल्टिमीटर आणि पाण्याची नळी द्यावी आणि बिघाडाचा माग बाहेरून आत कसा काढत जायचा, हे एकदा तरी प्रत्यक्ष करून घ्यावे. तो तरुण मेकॅनिक त्या तीन दिवसांत रोज संध्याकाळी काम संपवून आमच्याकडे येत होता. हीटरचा रोध त्यानेच मोजला, ४२३ चा हिशेबही त्यानेच वहीच्या मागच्या पानावर मांडला, आणि योग्य हीटर शोधून आणला तोही त्यानेच. नळीवरची ती चीर गंजू नये म्हणून मी तिला काळ्या रंगाचे दोन हात दिले आहेत, आणि दर महिन्याला तिथे पिवळेपणा दिसतो का हे शेजारी बॅटरीच्या उजेडात पाहतात.

माझ्याकडे अशाच एका फ्रीजचा बर्नर, थर्मोकपल, धुराड्याची पट्टी आणि मागचा न कापलेला संच असा सारा जुना सरंजाम आहे. जिल्ह्यातील कोणत्याही प्रशिक्षण संस्थेला तो शिकवण्यासाठी हवा असल्यास मी विनामूल्य देईन, आणि पहिल्या दिवशी तो समजावून सांगायला स्वतः येईन. इच्छुकांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी हे पत्र प्रसिद्ध झाल्यास आभारी राहीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
नागपूर